झाशीच्या वारसाची फाइल

बिजौलीला पॅसेंजर थांबते ती जेमतेम. तुमच्याबरोबर दोन-चार कामगार उतरतात आणि कारखान्यांच्या दिशेने निघून जातात. झाशीहून बीनाकडे जाणाऱ्या लाइनवरचं हे छोटं स्टेशन. आजूबाजूला औद्योगिक वसाहत, ट्रक, धूळ. इतिहासाच्या पुस्तकात बिजौलीला ओळभरही जागा मिळत नाही. म्हणूनच इथून निघालेलं बरं. थेट किल्ल्यापाशी उतरलात तर घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेलं मूल यांपलीकडे काही दिसायचं नाही. तुम्हाला आज बघायची आहे ती फाइल: एक माणूस वारला, मागे बायको आणि दत्तक मुलगा राहिला, आणि मालमत्ता कुणाची यावर पत्रव्यवहार सुरू झाला, त्याची.

तुम्हाला जुन्या कागदांचा नाद आहे हे गृहीत धरतो. झोळीत कोरे कागद आणि शिसपेन्सिल असू द्या. शाईचं पेन घरीच ठेवा; दप्तरखान्यात ते चालत नाही, आणि जिथे निघालात तिथेही त्याने गोंधळ होईल.

उत्तरेकडे तोंड करून चालायला लागा. आधी शेड मागे पडतात, मग सिमेंटचे खांब, मग तारा. काही अंतरावर पायाखालचे रूळच नाहीसे होतात, कारण ही रेल्वे १८८९च्या सुमाराची. उरते ती सागरकडून झाशीला येणारी सडक. आणखी थोडं मागे गेलात की दक्षिणेच्या क्षितिजावर धुळीचा लोट दिसतो. हे १८५८ साल. सर ह्यू रोजची फौज २१ मार्चला झाशीपुढे येऊन उभी राहते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडतं. इथे थांबायचं नाही, पण शहरातल्या राजवाड्यावरून जाताना नजर वळतेच. गोरे शिपाई पुस्तकालयात शिरलेत. पोथ्यांची बासनं सोडून, कापड तेवढं ठेवून, पानं खिडकीतून खाली फेकली जाताहेत. हे दृश्य आपल्याला माहीत आहे ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. भिक्षुकी करायला उत्तरेत गेलेला हा ब्राह्मण नेमका त्या दिवसांत झाशीत अडकला आणि घरी परतल्यावर त्याने सगळं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ छापून यायला १९०७ उजाडलं.

त्या उडणाऱ्या पानांत संस्थानचं खाजगी दप्तरही किती होतं कोण सांगणार. आता सरळ मागे चला. तुम्हाला नोव्हेंबर १८५३ गाठायचाय.

राजवाड्यातल्या दालनात गर्दी आहे, पण आवाज नाही. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर अंथरुणाला खिळलेत. बोलणं मराठीत चाललंय. हे घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या कोटचं, पुढे खानदेशात पारोळ्याला आलेलं आणि पेशव्यांच्या चाकरीत बुंदेलखंडात स्थिरावलेलं. दोन वर्षांपूर्वी झालेला मुलगा तीन-चार महिन्यांचा होऊन गेला. म्हणून आज, मृत्यूच्या आदल्या दिवशी, दत्तकविधान आहे. वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा आनंद आता दामोदरराव होतोय. मुलाला काय चाललंय ते कळत नाही. तो पाटावर बसून माणसांचे चेहरे बघतो. राणीचे वडील मोरोपंत तांबे आहेत, दिवाण नरसिंहराव आहेत, शहरातले सावकार आहेत. आणि मुद्दाम बोलावून घेतलेले दोन इंग्रज: पोलिटिकल असिस्टंट मेजर एलिस आणि फौजेचा कॅप्टन मार्टिन. साक्षीदार कोण असावेत याची ही समज बघा. ज्याच्याशी उद्या वाद होणार त्यालाच आज साक्षीला बसवलंय.

गंगाधररावांचं पत्र एलिसच्या हातात दिलं जातं. सरकारशी आपण एकनिष्ठ राहिलो, या मुलावर मेहेरनजर ठेवावी, आणि माझ्या पत्नीच्या हयातीत राज्याचा कारभार तिच्याकडे असावा, असा त्याचा आशय. २१ नोव्हेंबरला ते जातात.

आता कागदाकडे लक्ष द्या, कारण अशी वस्तू काचेविना बघायची संधी पुन्हा मिळणार नाही. संस्थानिक कंपनी सरकारला लिहितो तो खलिता. लांबलचक पट्टी, घोटून गुळगुळीत केलेला कागद, त्यावर सोन्याच्या वर्खाचे कण शिंपडलेले. मजकूर फारसीत, आणि तो कागदाच्या वरच्या टोकापासून सुरू होत नाही. वर बरीचशी जागा कोरी सोडलेली असते. तो कोरेपणा म्हणजे वाचणाऱ्याचा मान. पट्टीची घडी घालत घालत चपटी गुंडाळी होते, ती मलमलीच्या पिशवीत जाते, मलमल किनखापाच्या थैलीत, थैलीचं तोंड रेशमी दोरीने आवळलेलं आणि दोरीच्या टोकाला लाखेची मोठी मोहर. तिकीट नाही, पत्त्याचा शिक्का नाही. हिंदुस्थानभर चालणारी टपाल तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ला येणार आहेत. तोवर झाशी खालसा होऊन सहा महिने झालेले असतील. जुनी पाकिटं जमवणारे तिकिटांच्या मागे लागतात. त्यांना सांगावंसं वाटतं की तिकिटापूर्वीचा कागद जास्त बोलतो.

३ डिसेंबर १८५३. राणी लक्ष्मीबाईंचा पहिला खलिता गव्हर्नर जनरलकडे जातो. १६ फेब्रुवारी १८५४ला दुसरा. हा दुसरा खलिता ज्याने वाचला नाही त्याला राणी अर्धीच कळली असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात गाऱ्हाणं कमी आणि युक्तिवाद जास्त. १८१७ साली झाशीच्या गादीवर असलेल्या रामचंद्ररावांशी कंपनीने केलेला तह घ्या, असं बाईसाहेब सांगतात. त्यात राज्य ‘वारिसान’ आणि ‘जानशिनान’ यांच्याकडे चालेल असं लिहिलंय. फक्त रक्ताचेच वारस अभिप्रेत असते तर पहिला शब्द पुरेसा होता. गादीवर मागून बसणारा, म्हणजे दत्तकही, दुसऱ्या शब्दात आला. नाहीतर तो घालायचं कारण काय? पुढे शेजारच्या संस्थानांचे दाखले: दतिया, ओरछा, जालौन. तिथे दत्तक मान्य झाले, मग आमच्यासाठीच वेगळा न्याय का? एखाद्या हुशार दिवाणी वकिलाने करावी तशी ही मांडणी आहे. लिहिणारी सव्वीस वर्षांच्या आतली विधवा आणि तिच्यामागे बसलेले दोन-चार कारकून.

एलिस स्थानिक अधिकारी असून राणीच्या बाजूने लिहितो. ओरछ्याला चालतं ते झाशीला का नको, असंच त्याचंही म्हणणं. पण निकाल त्याच्या हातात नाही. २७ फेब्रुवारीला कलकत्त्यात गव्हर्नर जनरल डलहौसी आपलं टिपण लिहून मोकळा होतो. झाशी स्वतंत्र राज्य नव्हतंच, तो पेशव्यांचा सुभा. पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले, तेव्हा दत्तक मान्य करायचा की नाही हे कंपनी ठरवणार. आणि दाखला तयारच होता: १८३५ साली रामचंद्रराव वारले तेव्हाही त्यांचा दत्तक मानला गेला नव्हता. नेवाळकरांच्या घरात त्या वेळी गादीसाठी एकमेकांविरुद्ध अर्ज झाले होते. भाऊबंदकीच्या त्या अर्जांनी सरकारला सवय लावली की झाशीचा वारस आपण ठरवायचा. आपल्याकडच्या किती घरांत हेच झालं!

मार्चच्या मध्यावर एलिस झाशी खालसा केल्याचा हुकूम वाचून दाखवायला येतो. राणी पडद्याआड असतात. त्या काय बोलल्या ते जगाला पाठ आहे, पण थोडं थांबा. ते वाक्य ज्याने छापून ठेवलं तो माणूस अजून यायचाय. तेवढ्यात आणखी एक तारीख टिपून घ्या. २४ मार्च १८५४ला कलकत्ता आणि आग्रा तारेने जोडले गेले. सरकारचा हुकूम आता विजेच्या वेगाने धावणार आणि बाईसाहेबांचा खलिता तसाच थैलीत बसून, सांडणीस्वार आणि डाकेच्या हरकाऱ्यांबरोबर.

आता उन्हाळा. गावाबाहेर आंब्याच्या राईत मोठा तंबू लागलाय. आग्र्याहून ग्वाल्हेरमार्गे एक गोरा वकील आलाय: जॉन लँग. जन्म १८१६चा, ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ पॅरामाट्टाला. लंडनला बॅरिस्टर झाला, हिंदुस्थानात आला, ‘मोफसिलाइट’ नावाचं पत्र काढून कंपनीच्या अधिकाऱ्यांची खिल्ली उडवत राहिला. लाला ज्योतिप्रसाद या फौजेच्या कंत्राटदाराला त्याने कंपनी सरकारने भरलेल्या खटल्यातून सोडवलं, त्याने त्याचं नाव झालं. कंपनीशी कागदावर भांडून जिंकलेला गोरा वकील हवा, म्हणून राणीने त्याला सोनेरी कागदावर फारसीत पत्र पाठवून बोलावलं. त्याला आणायला खजिन्याचा मंत्री आणि मुख्य वकील असे दोघं गेले. गाडीत बर्फात ठेवलेलं पाणी, बिअर, दारू, आणि बाहेरून पंखा ओढणारा माणूस. वाटेभर साहेबाला ऊन लागू दिलं नाही.

तंबूत एक घोळ चाललाय. साहेबाने बाईसाहेबांसमोर जाताना जोडे काढायचे की नाही? लँग कुरकुरतो. शेवटी तडजोड होते: जोडे काढीन, पण टोपी डोक्यावर राहील. तुम्हाला हसू येतं. एक अख्खं राज्य गेलंय आणि दोन्ही बाजूंचे शहाणे जोड्यांवर अडलेत. पण दरबारी लोकांच्या दृष्टीने यात विनोद नाही. दरबारात उरलं होतं तेवढंच.

मुहूर्त ब्राह्मणांनी काढून दिलाय, संध्याकाळचा. हत्ती येतो, चांदीची अंबारी. वाड्यात जिने चढून लँग एका खोलीत पोचतो. फुलांचा वास भरून राहिलाय आणि मधोमध पडदा. पडद्याच्या या बाजूला दामोदर खेळतोय. बोलता बोलता मुलगा पडदा बाजूला सारतो आणि क्षणभर राणी दिसतात: पांढरी मलमल, कानात सोनं, बाकी दागिना नाही. मुलाने खेळता खेळता सारला की मुद्दाम, हे लँगलाही कळलं नाही. त्यांचा आवाज मात्र त्याला आवडला नाही, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. अशिलाचं कौतुक करायला बसलेला साक्षीदार हे लिहीत नाही; म्हणून त्याच्या बाकीच्या वर्णनावर मी जास्त विश्वास ठेवतो.

सल्ला मात्र साधा आहे. हे राज्य परत देण्याचा अधिकार आता गव्हर्नर जनरललाही उरला नाही. विलायतेत इंग्लंडच्या राणीच्या तख्ताकडे अर्ज करावा लागेल. तोवर सरकार देतंय ते महिना पाच हजारांचं पेन्शन आपला हक्क राखून, निषेध नोंदवून घ्या. कुठलाही चांगला वकील आजही हेच सांगेल. पैसे नाकारल्याने दावा बळकट होत नाही, घरातला खर्च मात्र उघडा पडतो. बाईसाहेब ठाम नकार देतात. ते प्रसिद्ध वाक्य लँग इथलं म्हणून देतो, १८५९ साली छापलेल्या आपल्या भटकंतीच्या पुस्तकात. म्हणजे शाळेच्या भिंतींवर, एसटी स्टँडवर रंगवलेलं ते वाक्य मुळात एका वारसाहक्काच्या सल्लामसलतीत टिपलेलं आहे. निघताना त्याला हत्ती, उंट, अरबी घोडा, दोन शिकारी कुत्रे आणि शाली मिळाल्या. अर्जाला यश मिळालं नाही. लँग १८६४ला मसुरीला वारला. तिथल्या कबरस्तानातली त्याची कबर फार वर्षांनी लेखक रस्किन बाँड यांनी शोधून काढली.

अशाच वाटेने जाणारे आणखी होते. साताऱ्याच्या प्रतापसिंहांसाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं अर्ज लिहीत राहिले. नानासाहेब पेशव्यांच्या पेन्शनीसाठी अजीमुल्ला खान गेला. झाशीच्या पाठोपाठ डिसेंबर १८५३मध्येच नागपूरचे रघोजी भोसले वारले आणि तिथेही तेच झालं. पत्रं लिहिणाऱ्यांची ही पिढी सत्तावनच्या धुरात दिसेनाशी झाली. आपण नंतरच्या लढाईचे पोवाडे गायले आणि आधीच्या अर्जांना हात लावला नाही.

फाइलमधलं सगळ्यात विलक्षण पान अजून उलटायचंय. राज्यासाठी दामोदरराव वारस नाहीत, असं ठरलं. मग गंगाधररावांचे दागिने, रोकड, खाजगी मत्ता कुणाची? ती राणीला द्यावी अशी शिफारस खालून गेली होती. डलहौसी म्हणाला, नाही; हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक वैध आहे, खाजगी मालमत्ता त्या मुलाची. तेच मूल, तोच होम, तेच साक्षीदार. गादीसाठी ते दत्तकविधान रद्द आणि पेटीसाठी ग्राह्य! बरं, मुलगा अज्ञान, म्हणून त्याची लाखांच्या घरातली रक्कम सरकारने आपल्याकडे ठेवली. पुढच्या वर्षी मुंजीसाठी त्यातले एक लाख मागितले तर उत्तर आलं की मुलगा सज्ञान झाल्यावर हिशेब मागेल, तेव्हा आधी चार जामीनदार आणा. राणीने झाशीतले चार जण उभे केले आणि मुंज पार पाडली. आणि वर गंगाधररावांचं कर्ज राणीच्या पेन्शनीतून वळतं करून घ्यायला सरकार तयार. राज्य घेताना वारस नाही, कर्ज फेडताना वारस आहे.

वारसाच्या फाइली जगभर अशाच उघड्या पडतात. अमेरिकेत जुन्या वकिलांची इस्टेटींची पत्रं जमवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाती काय लागतं ते बघा. थॉमस जेफरसन वकील होता. १७७३ला सासरा जॉन वेल्स वारला तेव्हा वाटणीत जमीन आली, ब्रिस्टलच्या पेढीचं कर्ज आलं आणि १३५ गुलाम माणसंही आली. त्या कर्जाची पत्रं पुढे कित्येक वर्षं चालू होती. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारं अक्षर आणि माणसांची यादी करणारं अक्षर एकाच हाताचं. जाहीरनामा भिंतीवर लागतो. माणूस कसा होता हे मात्र वाटणीपत्रावरून कळतं.

आता परत फिरा, पण बिजौलीला नको. १८९४च्या साताऱ्याकडे या. दत्तात्रय बळवंत पारसनीस नावाचा चोविशीतला मुलगा ‘महाराणी लक्ष्मीबाई साहेब यांचे चरित्र’ छापून आणतोय. राज्य इंग्रजांचं, विषय जोखमीचा, आणि झाशीच्या वाड्यातलं दप्तर जळून-उडून गेलेलं. त्याने काय केलं? ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच कागदांतून राणीचे खलिते मिळवले. हरलेल्या पक्षकाराचा आवाज जिंकलेल्याच्या कचेरीत, आवक क्रमांक घालून, जपून ठेवलेला होता. कंपनी सरकारची ही कारकुनी शिस्त नसती तर १६ फेब्रुवारीचा युक्तिवाद आज आपल्याकडे नसता. हे म्हणायला कडू वाटतं, पण खरं आहे.

पारसनीसांनी पुढे मेणवलीचं नाना फडणविसांचं दप्तर मिळवलं, ‘इतिहाससंग्रह’ चालवला, साताऱ्यात संग्रहालय उभारलं. तो संग्रह १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. ते आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे एकाच वर्षी, १९२६ला गेले. राजवाड्यांना माणूस म्हणून सगळं माफ होतं आणि पारसनीसांवर सरकारशी जमवून घेतल्याचा शिक्का बसला. मला विचाराल तर सरकारशी जमवून घेतल्याशिवाय सरकारच्या कपाटातले कागद मिळत नव्हते.

आणि दामोदरराव? पाठीवरचं ते मूल जंगलांतून हाल काढत वाढलं, शेवटी शरण येऊन इंदुरात राहिलं. सरकारकडे ठेवलेली रक्कम त्यांना कधीच मिळाली नाही. अर्ज करत करत २८ मे १९०६ रोजी ते इंदुरातच वारले. मागे राहिलेल्यांनी आडनाव लावलं झाशीवाले.

तुम्ही आपल्या काळात परत आलात की एक काम करा. घराच्या माळ्यावर, देवघराच्या फळीवर, पत्र्याच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या वाटण्यांचे, दत्तकपत्रांचे, वकिलांच्या नोटिशींचे कागद असतील. मोडी असेल म्हणून ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पिना काढा, पत्र आणि पाकीट वेगळं करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून कागद कुणाच्या घरातून आला ते पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. वाचता येत नसेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे जा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. सरकारी बाजूची पत्रं बघायला राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या उघडतं. आणि कुणी परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देतोय म्हणून मोहात पडू नका: १९७२च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचं पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो आणि तो खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.